बडोद्याच्या तागडीत भांडवलशाही आणि समाजवाद

बँक ऑफ बडोदाची पाटी गोव्यातल्या माणसाला नवी नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठल्याही बाजारात फेरी मारली की ती दिसते. पण या बँकेची जन्मकुंडली फार थोड्यांनी पाहिली असेल. १९०८ साली एका मराठी राजाच्या प्रेरणेने ती निघाली. व्यापारी आणि उद्योजक तिचे संचालक झाले. १९६९ साली इंदिरा गांधींच्या सरकारने ती ताब्यात घेतली. १९९६ साली तिचे शेअर बाजारात विक्रीला आले. आज निम्म्याहून जास्त मालकी सरकारची आहे आणि उरलेली भागधारकांची. आता सांगा, ही बँक भांडवलशाहीची की समाजवादाची?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे. आपल्याकडे चहाच्या दुकानात, बसमध्ये, कचेरीत मधल्या सुट्टीत हा वाद नेहमी रंगतो. एक म्हणतो, "सगळे खासगी करून टाका, म्हणजे सुधारेल." दुसरा म्हणतो, "सगळे सरकारने घ्यावे, नाहीतर शेट लोक लुटतील." मग पहिला अमेरिकेचा दाखला देतो, दुसरा रशियाचा. दोघांपैकी कोणीही ते देश पाहिलेले नसतात. मला वाटते, इतक्या दूर जाण्याची गरजच नाही. आपल्या मराठी माणसाच्या ओळखीचे एक शहर आहे, जिथे या दोन्ही व्यवस्था आणि त्यांच्यामधल्या जवळजवळ सगळ्या वाटा दीडशे वर्षांत करून पाहिल्या गेल्या. ते शहर म्हणजे बडोदे. आज त्याला वडोदरा म्हणतात, पण आपल्या तोंडी बडोदेच बसले आहे.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. शेतजमीन, कारखाना, यंत्रे, पैसा ही उत्पादनाची साधने खासगी मालकीची असावीत, काय पिकवावे आणि काय बनवावे हे बाजारातल्या मागणीने ठरावे आणि नफा मालकाला मिळावा, ही झाली भांडवलशाही. तीच साधने समाजाच्या मालकीची असावीत, उत्पादन गरजेप्रमाणे ठरावे आणि फळ सर्वांत वाटले जावे, हा समाजवाद. पहिलीच्या बाजूने अ‍ॅडम स्मिथचा ग्रंथ १७७६ साली आला. दुसऱ्याच्या बाजूने कार्ल मार्क्सच्या 'दास कापिटाल'चा पहिला खंड १८६७ साली. आता गंमत पहा. त्याच १८६७ साली मराठीत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' प्रसिद्ध झाला. जमीन सर्वांची सामाईक असावी, धान्य सामाईक कोठारात जावे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे, अशी त्यांची कल्पना होती. विष्णुबुवांनी मार्क्स वाचलेला असण्याचे कारण नव्हते. म्हणजे हा विचार केवळ विलायतेहून बोटीत बसून आलेला नाही. उपाशी माणूस आणि भरलेले कोठार एकाच गावात दिसले की तो कुठल्याही भाषेत सुचतो!

आता बडोद्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायकवाडांचे राज्य खरे म्हणजे पेढीवाल्यांच्या वह्यांत अडकलेले होते. फौजेचा थकलेला पगार द्यायला पैसा नाही, म्हणून सावकारांकडून कर्ज काढायचे. त्या कर्जाला इंग्रज कंपनीने हमी द्यायची. आणि कर्ज फेडायचे महसुलातून. हरिभक्ती, सामळ बेचर ही गुजराती घराणी आणि गोपाळराव मैराळ हे मराठी सावकार ही त्या काळच्या बडोद्यातली मोठी नावे. परगण्यांचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदार आगाऊ रक्कम भरणार आणि मग रयतेकडून जमेल तेवढे काढणार. भांडवलशाही हा शब्द तेव्हा मराठीत आला नव्हता, पण राज्यकारभारच जणू ठेक्यावर दिलेला होता. सगळे खासगी केले की आपोआप सुधारते असे मानणाऱ्यांनी हे बडोदे एकदा डोळ्यांसमोर आणावे.

पुढे मल्हारराव गायकवाडांच्या काळात, १८७४ मध्ये, दादाभाई नौरोजी काही महिने बडोद्याचे दिवाण होते. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब मांडणारे तेच दादाभाई. १८७५ साली मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा एक मुलगा दत्तक घेऊन गादीवर आणला. तेच तिसरे सयाजीराव. १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि १९३९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी राज्य केले. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते, हे वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या साहित्यप्रेमाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आज त्यांच्या जमाखर्चाबद्दल लिहितो.

सयाजीरावांपुढे अडचण सरळ होती. राज्यात उद्योग नाहीत. ज्याच्याकडे पैसा आहे तो सावकारीत किंवा सोन्यात घालतो, कारण गिरणीत पैसा घालण्याची भीती वाटते. मग उद्योग काढणार कोण? सरकारनेच काढावा, असे ठरले. १८८० च्या दशकात बडोद्यात सरकारी कापड गिरणी उभी राहिली. दक्षिणेकडे गणदेवीला, ऊस पिकणाऱ्या भागात, साखरेचा कारखाना निघाला. हेतू चांगला होता. लोकांनी पाहावे, शिकावे आणि मग स्वतः उतरावे. पण गणदेवीचा कारखाना फसला आणि बंद पडला. कापड गिरणी सरकारने काही वर्षे चालवली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी हातात देऊन टाकली.

असे का व्हावे? मी स्वतः सरकारी कारकून आहे, म्हणून याचे उत्तर थोडे आतून देऊ शकतो. सरकारी माणूस आळशीच असतो असे नाही. पण गिरणीला कापूस केव्हा घ्यायचा हे बाजार ठरवतो आणि कचेरीत ते फाइल ठरवते. भाव आज पडला तर खरेदी आज व्हायला हवी. फाइल मात्र टिपणी, शेरा, मंजुरी असा प्रवास करून पुढच्या महिन्यात परत येते. तोपर्यंत भाव चढलेला असतो. शिवाय नफा झाला तर कारकुनाचा पगार वाढत नाही आणि तोटा झाला तर कमी होत नाही. नियमाप्रमाणे केले एवढे कागदावर दिसले की त्याची मान सुटते. ही पद्धत वाईट नाही. सरकारी पैसा कोणी खिशात घालू नये म्हणूनच ती घडली आहे. पण व्यापाराला ती मानवत नाही. समाजवादाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या गोष्टीला अजून नीट उत्तर दिलेले नाही. सोव्हिएत रशियात सत्तर वर्षे देशभराचा कारभार अशाच मंजुऱ्यांवर चालवून पाहिला. उपग्रह आकाशात गेला, पण दुकानासमोरची रांग हटली नाही.

सयाजीराव मात्र या अपयशाने हात झटकून बसले नाहीत. त्यांनी वाट बदलली. कारखाना सरकारने चालवण्यापेक्षा कारखाना चालवू शकेल असा माणूस तयार करावा, असे त्यांचे धोरण बनत गेले. १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्याचे पहिले प्रमुख. तिथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय शिकवले जात. आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. याच गज्जरांच्या प्रेरणेने, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या कष्टाने १९०७ साली अ‍ॅलेम्बिक ही कंपनी उभी राहिली. औषधांची अ‍ॅलेम्बिक, तीच ही. कंपनी खासगी, पण ज्या प्राध्यापकाने तिचे बी पेरले तो सरकारी शाळेतला. पुढे ओखामंडळात, बडोदे संस्थानाच्याच हद्दीत, मिठापूरला १९३९ साली टाटा केमिकल्स निघाली, तिलाही संस्थानाच्या सवलतींचा आधार होता. खासगी उद्योगाच्या यशोगाथा सांगताना मालकाचे कष्ट आपण सांगतो, पण त्याच्या पायाखालची सरकारी पायरी सांगायला विसरतो.

दुसरीकडे, ज्या गोष्टीत कधीच नफा नाही त्या गोष्टी सयाजीरावांनी सरकारकडेच ठेवल्या आणि त्यात हात आखडता घेतला नाही. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू झाला, मुलींसकट. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अशाच शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण समोर होते. इंग्रज सरकारच्या मंडळात ते विधेयक पडले. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानच्या मालकाला जे जमले नाही ते एका मांडलिक राजाने करून दाखवले होते! शहराला पाणी देण्यासाठी आजव्याचा तलाव १८९२ च्या सुमारास पुरा झाला. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणायला सुरुवात झाली. खेड्यातल्या कुणब्याच्या मुलीला शाळेत घालून आणि त्याच गावात पुस्तकांची पेटी पाठवून कुठला शेटजी नफा काढणार होता? बाजार त्याच गोष्टी पाहतो ज्यांची किंमत खिशातून लगेच देता येते. ज्याचा खिसा रिकामा त्याची गरज बाजाराला दिसतच नाही.

हे सगळे कोणाच्या पैशावर? रयतेच्या सारावसुलीवर. सयाजीराव कितीही उदार असले तरी ते राजे होते. हिशेब विचारणारी, त्यांना खाली उतरवू शकणारी रयत नव्हती. पैसा शाळेवर घालायचा की राजवाड्यावर हे शेवटी एका माणसाच्या मनावर अवलंबून होते. लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच तिजोरीच्या काळातला. चांगला राजा मिळणे हे नशीब झाले, त्याला व्यवस्था म्हणत नाहीत. रशियातल्या समाजवादाचेही नेमके हेच झाले. मालकी जनतेची म्हटली, पण हिशेब विचारण्याचा हक्क जनतेला दिला नाही.

बँकेची गोष्ट याच संदर्भात पाहावी. 'इंडियाचा आर्थिक इतिहास' लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ पासून काही वर्षे बडोद्याच्या महसूल खात्याचे मंत्री होते. पुढे १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी बडोद्यातच वारले. स्वदेशीचे वारे वाहत होते. राज्याचे पैसे सावकाराच्या पेढीत अडकण्याचा जुना अनुभव होता. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली. सयाजीरावांनी आश्रय दिला, पण कारभार सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास यांच्यासारख्या मुंबईच्या मुरलेल्या व्यापाऱ्यांच्या सल्ल्याने ठेवला. १९१३ मध्ये स्वदेशी बँका धडाधड बुडू लागल्या, मुंबईची इंडियन स्पेसी बँक त्यातलीच. ती खासगीच होती आणि सट्टेबाजीत बुडाली. बडोद्याची बँक टिकली.

बडोद्याने आणखी एक वाट दाखवली, तिचे श्रेय राजाला नाही आणि शेटजीलाही नाही. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली. मध्यमवर्गीय मराठी मंडळी एकत्र आली, प्रत्येकाने थोडेथोडे पैसे घातले आणि ज्याला अडचण असेल त्याला त्यातून कर्ज दिले. हिंदुस्थानातली ही पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. इंग्रज सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडावे लागले. म्हणजे कायद्याच्या आधी पंधरा वर्षे! मालक एकटा नाही, सरकार नाही, सभासदच मालक. पुढे बडोद्याच्या शेजारी चरोतरात आणंदला १९४६ साली खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा संघ झाला आणि त्यातून अमूल उभी राहिली. आणि ज्या गणदेवीत राजाचा साखर कारखाना बंद पडला, त्याच गणदेवीत स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला आणि तो चालवून दाखवला. ऊस तोच, जमीन तीच. बदलले काय? ऊस कोणाचा आणि कारखाना कोणाचा, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच झाले.

पण सहकार म्हणजे रामबाण, असेही कोणी समजू नये. सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली ती अन्योन्य मंडळी, जी पुढे सहकारी बँक झाली होती, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडचणीत आली आणि रिझर्व बँकेने तिचा परवाना रद्द केला. सभासद मालक असतात, पण सभेला न जाणारा आणि ताळेबंद न वाचणारा सभासद नावापुरताच मालक असतो.

बडोद्याच्या या ताळेबंदात एक रकाना राहून जातो, आणि तो सर्वांत वेदनेचा आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. अर्थशास्त्रात शिकून ते परतले आणि कराराप्रमाणे १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रांतिगृहात ते पैसे देऊन राहिले, पण जात कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून हुसकले. त्यांनी कामाठीबागेत बसून वेळ काढला आणि शेवटी बडोदे सोडले. आता आपल्या दोन व्यवस्था या प्रसंगावर ठेवून पहा. बाजार म्हणतो, ज्याच्याकडे पैसा आहे त्याला जागा मिळते. आंबेडकरांकडे भाड्याचे पैसे होते, जागा मिळाली नाही. सरकार म्हणते, आमच्या अधिकाऱ्याला मान आहे. ते राजाचे अधिकारी होते, मान मिळाला नाही. म्हणजे आपल्या देशात या दोघींच्याही आधी जात येऊन बसलेली होती आणि युरोपातल्या ग्रंथांत तिला जागा नव्हती.

तीस वर्षांनी, १९४७ मध्ये, याच आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. प्रमुख उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, विमा सरकारनेच चालवावा, शेती हा सरकारी उद्योग करून जमीन गावकऱ्यांना जातधर्म न पाहता सामुदायिकपणे कसायला द्यावी, असे त्यात सुचवले. पण दोन गोष्टी बजावल्या. हे संविधानातच लिहून ठेवावे, म्हणजे बहुमत बदलले की पुसले जाणार नाही. आणि हे संसदीय लोकशाही राखूनच व्हावे, हुकूमशाहीने नव्हे. ती योजना संविधानात आली नाही. तरी लोकशाही शाबूत ठेवून समाजवाद आणण्याचा आपल्या देशातला तो सर्वांत काटेकोर आराखडा होता, आणि तो लिहिणाऱ्याला बडोद्याचे दोन्ही अनुभव होते. राजाच्या पैशाने शिक्षण मिळाल्याचा आणि राजाच्याच शहरात निवारा न मिळाल्याचा.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि मग नेहरूंच्या काळाने शहराचा चेहराच पालटला. खंबायत आणि अंकलेश्वरला तेल सापडले. बडोद्याजवळ कोयलीला सोव्हिएत मदतीने तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. १९६३ मध्ये पंडितजींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९६५ मध्ये तो चालू झाला. १९६२ साली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स ही खतांची कंपनी निघाली, तिच्यात राज्य सरकार आणि सामान्य भागधारक दोघांचा पैसा. १९६९ साली केंद्र सरकारची इंडियन पेट्रोकेमिकल्स म्हणजे आयपीसीएल आली. ज्या शहरात सरकारी कापड गिरणी जमली नव्हती तिथे सरकारी तेल कारखाना साठ वर्षांहून जास्त चालला आहे आणि वाढला आहे. मग सरकारला उद्योग जमत नाही हे म्हणणे खोटे का? सरसकट म्हटले तर खोटेच. एवढे प्रचंड भांडवल घालायला त्या वेळी देशी खासगी उद्योग पुढे येण्यासारखा नव्हता, तंत्रज्ञान बाहेरून आणायचे होते आणि माल देशाला हमखास लागणार होता. सरकारला काय जमते हे कामावर आणि काळावर ठरते.

मग १९९१ आले. जुलैत आपल्याकडे नवे आर्थिक धोरण जाहीर झाले आणि डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. २००२ साली आयपीसीएलमधला सरकारचा २६ टक्के हिस्सा आणि त्याबरोबर कारभार रिलायन्सकडे गेला, सुमारे १,४९१ कोटी रुपयांना. शेजारचीच सरकारी इंडियन ऑइलही बोली लावणाऱ्यांत होती. २००७ मध्ये आयपीसीएल हे नाव रिलायन्समध्ये विलीन होऊन संपले. खासगीकरणाच्या बाजूचे सांगतात, स्पर्धेने ग्राहकाचे भले होते. स्पर्धेने होते हे खरे. पण सरकारी कंपनी तिच्याच सर्वांत मोठ्या स्पर्धकाला विकली तर स्पर्धा वाढते की घटते, हे अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसालाही कळते.

आणखी एक गोष्ट. बडोद्याच्या या सगळ्या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी १९८३ च्या सुमारास पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीचा एक कालवा झाला. तो महीच्या मुखाकडे, खंबायतच्या आखातात जातो. त्याच्या काठच्या पादरा, जंबुसर भागातल्या गावांत विहिरींचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. त्या कालव्यात सरकारी पाणी कोणते आणि खासगी पाणी कोणते हे कोण सांगणार? समाजवादी रशियाने कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला, भांडवलशाही देशांनी आपल्या नद्या रसायनांनी रंगवल्या. तोटा गावाच्या विहिरीत टाकायचा आणि फायदा ताळेबंदात दाखवायचा, ही खोड दोघांनाही आहे.

इथे आपल्याला गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. लाल पाण्याने भरलेली शेते आपण पाहिली आहेत. आपल्याकडे खनिजाची मालकी लोकांची आणि नफा खाणमालकांचा, हे पोर्तुगीज काळातल्या सवलतींपासून चालत आले. १९८७ साली कायद्याने त्या सवलती रद्द करून त्यांचे पट्टे केले, तरी खाणी त्याच घराण्यांकडे राहिल्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पट्ट्यांवरचे खाणकाम बेकायदा ठरवले आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी ठेवायला सांगितले. २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही रद्द झाले. खाण चालू होती तेव्हा नफा थोड्यांचा होता. बंद पडली तेव्हा ट्रकवाला, बार्जवाला, गाडेवाला सगळ्यांचा तोटा झाला.

आणि आपली गांवकरी? १५२६ सालच्या फोरालात पोर्तुगिजांनी जिची नोंद केली ती आपली गावसंस्था त्याहूनही जुनी. जमीन साऱ्या गावाची, पण कसायला पावणी करून जो जास्त देईल त्याला. उत्पन्नातून बांध, मानशी, देऊळ यांचा खर्च आणि उरलेल्यात गांवकऱ्यांची जोण. मालकी समाजवादी आणि लिलाव भांडवलशाही! दोन्ही एका घरात नांदत होत्या. पण जोण फक्त गांवकरांच्या पुरुष वारसांना. शेत कसणारा कुळ आणि भाटात राहणारा मुंडकार त्यात कुठेच नव्हता. म्हणून १९६४ साली कुळ कायदा करावा लागला. तो केला भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने. भाऊ स्वतः खाणमालक होते, ही गोष्ट कुठल्याच पुस्तकी चौकटीत बसत नाही. कूळ मालक झाला हे न्यायाचे झाले. पण बांधाची निगा ठेवणारी सामाईक व्यवस्था ढिली पडली आणि पुष्कळ खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली, हेही तितकेच खरे. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना भाऊंच्याच काळातले स्वप्न. नाव सहकारी, पण हळूहळू सगळा भार सरकारच्या मदतीवर आला आणि शेवटी गाळप थांबले. गणदेवीला राजाकडून शेतकऱ्यांकडे प्रवास झाला, आपल्याकडे शेतकऱ्यांकडून सरकारकडे. उलटा.

तर सांगायचा मुद्दा हा. भांडवलशाही की समाजवाद, म्हणजे मालक कोण, हा अर्धाच प्रश्न आहे. बडोद्याच्या अनुभवातून मला उरलेले अर्धे प्रश्न दिसतात. तोटा झाला तर तो कोणाच्या अंगावर पडतो? हिशेब विचारण्याचा हक्क कोणाला आहे आणि तो हक्क वापरला जातो का? आणि ज्याच्याकडे पैसाही नाही, सभासदत्वही नाही, ज्याला जातीमुळे दारातच अडवले जाते, त्याला या व्यवस्थेत जागा आहे का? या तिन्ही प्रश्नांना नीट उत्तर देणारी खासगी गिरणी चांगली, सहकारी दूधसंघ चांगला आणि सरकारी शाळाही चांगली. उत्तर न देणारी सावकारी पेढी, राजाचा कारखाना आणि सहकारी बँक तिन्ही सारख्याच बुडतात.

आज गोव्यातल्या बहुतेक घरांत आईबापांना मुलासाठी सरकारी नोकरी हवी असते आणि त्याच घरात सरकारी शाळा नको असते. पगार समाजवादाचा आणि शिक्षण भांडवलशाहीचे! मी सरकारी नोकर, मला यावर हसण्याचा अधिकार कमीच. पण विचार करावासा वाटतो. सयाजीरावांनी नेमके उलटे केले होते. गिरणी सोडून दिली आणि शाळा धरून ठेवली. गावची सरकारी मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद होते तेव्हा तिचा हिशेब विचारायला ग्रामसभेत किती जण उठतात? पुढच्या ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली की ती वाचायला हवी, इतके तरी आपल्या हातात आहे.